उंदीर उपाशी नव्हते

—नाही सर, आमच्याकडे उंदीर उपाशी राहत नाहीत. हे मी तुमच्या समितीला मेलवर सांगितलं, फोनवर सांगितलं, आता तुम्ही पुण्याहून विमान करून बंगळूरला आलात म्हणून तोंडीपण सांगतो. बसा. तिथं नको, ते स्टूल डुगडुगतं, ह्याच्यावर बसा — आणि टोपी स्वल्प खाली ओढा, कान आत गेले पाहिजेत, उंदरांना तुमच्या कानांचं काही नाही, नियम आहे. सरी, म्हणजे ठीक. आता आपण दोघं सारखेच दिसतो, निळी टोपी, निळा गाऊन, तोंडाला मास्क, कोण चौकशी करतोय आणि कुणाची चालली आहे हे बाहेरून बघणाऱ्याला कळायचं नाही. मराठीत बोललेलं चालेल ना? नाही, विचारलं आपलं. इथं संस्थेत दिवसभर इंग्लिश, महानंदाक्काशी कन्नड — त्या पिंजरे धुतात — आणि मराठी फक्त घरी, आईबाबांशी, आणि… नाही, घरीच. आमचं मराठी तुम्हाला जरा जुनाट वाटेल. आमचे लोक चारशे वर्षांपूर्वी इकडं आले ते तेव्हा जेवढं मराठी होतं तेवढं बांधून आले, पुढचा माल तुमच्याकडून आलाच नाही, मग रिकाम्या जागी कन्नड भरलं. पुण्याच्या अभिराज सरांशी, म्हणजे तुमच्याशी, मीच बोलतो म्हणून डायरेक्टरांना सांगितलं, कसं की खाद्य माझ्या हातात, चावी माझ्या हातात. वर जाऊन संहिता मॅडमना विचारून काही मिळायचं नाही तुम्हाला. त्यांना काही माहीतच नाही — म्हणजे माहीत असण्यासारखं काही नाहीच.

हे आधी नीट समजून घ्या. मी प्राणेश, पशुवैद्य, ह्या अ‍ॅनिमल हाउसचा इन्चार्ज. संहिता मॅडम दोन मजले वर पीएचडी करतात. उंदीर माझ्याकडे वाढतात, यकृतं त्यांच्याकडे जातात. एवढाच आमचा संबंध. रोज सकाळी त्या जिन्याच्या दारापाशी येतात, मी आतून उंदीर आणून देतो, आत यायची त्यांना परवानगी नाही, परवानगी फक्त मला आणि महानंदाक्कांना. सर्जापूर रोडवर राहतात त्या. तिथून सकाळी मल्लेश्वरमला पोचणं म्हणजे काय — तुम्हाला हिंजवडी म्हटलं की अंगावर काटा येत असेल, तर हिंजवडीला सख्खा भाऊ आहे म्हणून समजा. तरी कधी उशीर नाही. आणि मोजतात काय? यकृतातलं एक एन्झाइम, साखर तयार करणारं. ते किती बनवायचं हे यकृत आपल्या मनानं ठरवत नाही, त्याला वरून हार्मोनचा निरोप यावा लागतो, निरोप आला की जीन सुरू, नाही आला की जीन झोपलेलं — आमच्या ऑफिससारखंच. तर मॅडमकडे दोन वाण आहेत. एक साधे उंदीर. दुसरे खास, त्यांच्या जीनच्या पुढचा एक तुकडा कापलाय, म्हणजे ज्या दारावर हार्मोन येऊन टकटक करतं ते दारच नाही. वर्षभर मोजलं. दिसलं काय, की साध्या उंदरांचं एन्झाइम दर पंधरा दिवसांनी उडी मारतं. टुणकन. परत खाली. परत पंधरा दिवसांनी टुणकन. आणि खास वाणाचं ढिम्म हलत नाही. मनस्विनी मॅडम, म्हणजे संहिता मॅडमच्या गाइड, त्या लगेच परिषदेत जाऊन सांगून आल्या की यकृतात पंधरा दिवसांचं घड्याळ असतं आणि त्याची चावी आम्हाला सापडली. टाळ्या पडल्या म्हणे. आणि आता तुम्ही लोक म्हणता, उंदराचं यकृत इतक्या शिस्तीत चालत नाही, आकडे घरी बसून बनवलेत. मनस्विनी मॅडमनी काय केलं? हात झटकले. मोजलं तिनं, तिलाच विचारा म्हणून मोकळ्या. म्हणजे पीएचडी जाणार ती संहिताची — संहिता मॅडमची — आणि नुसती पीएचडी नाही, आकडे बनवणारी बाई म्हणून नाव होणार, मग हिला दहावीच्या पोरांना बेडूकसुद्धा शिकवायला कुणी उभं करणार नाही. त्यासाठी तुम्ही आलात. बरोबर ना? मग माझं उत्तर परत ऐका. आकडे खरे आहेत. आणि उंदीर उपाशी नव्हते.

आता तुम्ही हसताय, मास्क हलला तुमचा. माहितीये मला तुम्ही काय म्हणणार. जेवण बंद झालं की इन्सुलिन खाली जातं, ग्लुकागॉन वर जातं, उंदराचं ते ताणाचं हार्मोन वर जातं, सगळे मिळून यकृताच्या दारावर धडका देतात की बाबा साखर कर, आणि हेच एन्झाइम वाढतं. पहिल्या वर्षाच्या पोराला विचारलं तरी सांगेल. म्हणून तर मी पहिल्यापासून सांगतोय, नव्हते म्हणून. पण समजा — नुसतं समजा — एखाद्या दिवशी असले, तर बिघडलं काय? तुमच्या पुण्यात उंदीर कसे ठेवता? चोवीस तास वरती खाद्याच्या गोळ्या भरलेल्या, उंदीर आडवा पडून खातो, लठ्ठ होतो, फिरायला जागा नाही, फिरून जायचं कुठं, आणि त्या लठ्ठ, आळशी, कंटाळलेल्या प्राण्याला तुम्ही म्हणता नॉर्मल. कंट्रोल. जगात कुठल्या उंदराला चोवीस तास ताट वाढलेलं असतं सर? चामराजपेटला मार्केटमागं या, रात्री दाखवतो उंदीर, एक दिवस खातो, एक दिवस पळतो. तो नॉर्मल. मग बिघडलेला कोण, माझा उंदीर की तुमचा? हे लिहा तुमच्या रिपोर्टात. नाही लिहिणार. कुणीच लिहीत नाही, कसं की हे लिहिलं तर सगळ्यांचेच पेपर मागं घ्यावे लागतील.

मोबाइलमध्ये काय बघताय? कॅलेंडर. बघा की, मी कुठं नको म्हणतो. हां, ही उडी डिसेंबरातली. ती तारीख… हो. वैकुंठ एकादशी. त्या दिवशी इथल्या देवळाबाहेर रांग कुठवर गेली होती, ऑटोवाले आत यायलाच तयार नव्हते. ही? ही असेल कुठली तरी. बघा तुम्ही. बघा, मी थांबतो. कॉफी सांगू? आत आणता येत नाही तशी, पण बाहेर जाऊन पिऊन परत येता येतं, परत टोपी, परत गाऊन. नको. बरं.

सरी सर. सगळ्या एकादश्या आहेत.

मग? आता मान खाली घालीन असं वाटलं तुम्हाला? नाही घालत. घ्या लिहून. दशमीच्या संध्याकाळी मी खाद्य काढून घेतो, द्वादशीच्या सकाळी नमुन्याचे उंदीर गेले की परत घालतो. मी. माझ्या हातानं. पाणी असतं, पाणी मी कधी काढलं नाही, राक्षस नाही मी, निर्जला फक्त आमचे बाबा करतात. भीमाचार्य म्हणतात त्यांना, चामराजपेटला राहतो आम्ही, माझे आजोबा, त्यांचे आजोबा, सगळे तिथंच. तुमच्याकडे एकादशी म्हणजे काय? दुप्पट खाशी. साबुदाणा, शेंगदाणे, रताळं, वर केळं. आमच्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग जेवतच का नाहीत हे लोक, निदान पोट तरी हलकं राहील. आमच्याकडे गॅस पेटत नाही. डबा उघडत नाही. मांजराला दूध नाही. मांजर शेजारी जाऊन पितं, मांजर शहाणं, मांजराला नेहमी दोन घरं असतात — उंदराला कुठलं आलंय दुसरं घर. मी इथं नोकरीला लागलो तेव्हा बाबांनी समोर बसवून सांगितलं, प्राणेशा, तुझ्या हाताखाली जीव आहेत, एकादशीला तुझ्या हातून कुणाच्या तोंडात अन्न जायला नको. आता बापाचा शब्द मोडू? तुम्ही मोडला असता? आता मला काढा. काढून तर बघा. पेपरात काय येईल? पुण्याच्या साहेबानं बंगळूरच्या माणसाला एकादशी पाळली म्हणून घरी बसवलं. तुमची समिती दोन दिवसांत गायब होईल सर. मी धमकी देत नाही, मी फक्त बातमी वाचून दाखवतोय, अजून छापायची आहे एवढंच.

पोट रिकामं दिसलं नाही का तिला? चांगलं विचारलंत. तुम्ही स्वतः किती उंदीर उघडलेत? मग तुम्हीच सांगा, पोट कोण बघतं? यकृताचा माणूस यकृत बघतो. आतड्याचा माणूस आतडं बघतो. एकदा मेंदूवाले आले होते, त्यांना उंदराला शेपूट नव्हती तरी कळलं नसतं. हातात यकृत आलं की बर्फात टाकायची घाई, तिथं पोटाशी गप्पा मारायला वेळ कुणाला. महानंदाक्कांनी बघितलं होतं, एकदा विचारलंसुद्धा, अण्णा, आज ह्यांना ऊट नाही, जेवण नाही? मी म्हटलं प्रयोग आहे. त्या म्हणाल्या सरी. इथं प्रयोग आहे म्हटलं की काहीही चालतं, भिंत पाडली तरी चालेल.

मी? मी करतो का एकादशी? हा काय प्रश्न झाला. करतो की. म्हणजे… तसं नाही करत. घरात गॅस बंद, मग मी सकाळी इथल्या कोपऱ्यावर इडली-वडा खातो, दुपारी कँटीनमध्ये जेवतो. थांबा, ह्यात विसंगती काही नाही. आमच्याकडे असं असतं, एकानं व्रत केलं तर त्याचं पुण्य घरच्यांच्या नावावर जमा होतं. आई करते ती बाबांसाठी, बाबा करतात ते मुलासाठी, मग माझ्यासाठी कुणी केलं तर बिघडलं कुठं? उंदरांनी केली. माझ्या वाटणीची. मी दशमीला संध्याकाळी पिंजऱ्यांसमोर उभा राहून तसा संकल्पसुद्धा — नाही, ते नाही केलं. ते आत्ता सुचलं. पण भावना ती होती. आणि असं बघू नका हो, तुम्ही चारचौघांत खिचडी खाऊन उपास म्हणवता ते चालतं, मी खऱ्याखुऱ्या उपाशी प्राण्याकडून करून घेतली तर मात्र ढोंग. पहिल्यांदा तर मी विसरलोच होतो, घरी काहीतरी पूजा होती, खाद्य घालायचं राहिलं — म्हणजे राहिलं नव्हतं, एकादशी होती. तेच म्हणतोय मी. एकादशी होती म्हणून राहिलं. राहिलं नाही, ठेवलं. वाक्य उलटं झालं, विषय तोच.

ते सोडा, महत्त्वाचं ऐका, तुम्हाला रिपोर्टात काय लिहायचं ते मी सांगतो. आकडे बनावट नाहीत हे आता सिद्ध झालं की नाही? झालं. उडी खरी, उंदीर खरे, भूक खरी. घड्याळ मात्र यकृतात नव्हतं, आमच्या स्वयंपाकघरात होतं. मग जाणार काय, तर मनस्विनी मॅडमच्या टाळ्या. जाऊ देत. पण संहितानं जे शोधलं ते गेलेलं नाही, हे तुम्ही का नाही बघत? साधा उंदीर उपाशी राहिला, हार्मोन आलं, दार वाजलं, एन्झाइम वाढलं. खास उंदीर तेवढाच उपाशी, हार्मोन तेवढंच, पण दार नाही, म्हणून ढिम्म. म्हणजे तो कापलेला तुकडाच भुकेचं दार आहे. हे खरंच आहे ना? मग नाव बदला. पंधरा दिवसांची लय खोडा, उपवास लिहा, झाला पेपर. पहिल्यापेक्षा चांगला झाला. तिला नव्यानं स्वल्प मोजावं लागेल, सहा महिने, मी खाद्य कधी काढलं ते तास-मिनिटासकट देतो. तिच्या नावाला डाग नाही, माझ्यावर काय टाकायचं ते टाका, अ‍ॅनिमल हाउस इन्चार्जच्या धार्मिक समजुतीमुळे चूक झाली, असं लिहा. चांगलं वाक्य आहे. धार्मिक समजूत म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही.

तुम्ही तिला बघितलेलं नाही म्हणून तुम्हाला ती आकडे बनवणारी वाटते. उडी आली की ती दोन मजले पळत खाली यायची. लिफ्ट नाही, जिन्यानं. दार वाजवायची, मी दार उघडलं की तिला धाप लागलेली, एका हातात प्रिंट, दुसरा हात भिंतीला, आणि म्हणायची, प्राणेश, परत आलं बघ. बघ म्हणायची, बघा नाही. मराठीत. वर कुणाशी मराठी नाही बोलत ती, खाली आली की मराठी. मग तिथंच, त्या पायरीवर बसून मला समजावायची, हे बघ, हे इथं वाढलं, हे इथं नाही वाढलं, मी आपला हो हो करायचो, मला काय, मला आधीच माहीत की काय वाढणार आहे. एकदा मद्दूर वडे घेऊन आली होती. एकदा रडली, म्हणाली घरी सगळे लग्न कर म्हणतात, हे एकच बरोबर चाललंय माझं. आता असं कुणी आकडे बनवून रडतं का सर? ज्यानं बनवले त्याला कशाचं रडू येईल, त्याला तर ठाऊकच असतं पुढं काय येणार. ती खरंच चकित व्हायची. दर वेळी. पंधरा दिवसांनी परत तेवढीच. मी तुम्हाला शपथेवर सांगतो, तेवढा आनंद बनवता येत नाही, मी बघितलाय ना, जवळून, इतक्या वेळा — एवढी एकच साक्ष आहे माझी, तुमच्या कुठल्या तक्त्यात बसत नसेल तर राहू दे.

आता हे काय काढलं? तोच ग्राफ. हो, बघितला मी, पाठ आहे मला. बोट कुठं ठेवलंय? मे. मेमधे… हो, इथं उडी नाही. आणि पुढच्या पंधरवड्यातही नाही. बरोबर, दोन उड्या नाहीत. मग त्यात काय? अहो, हाच तर पुरावा, बनवायचे असते तर ह्या दोन तिनं गाळल्या असत्या का, टाकल्या असत्या की आपल्या हातानं, रांग पुरी केली असती. ते नमुने शिवकुमारनं घेतले, तिचा ज्युनिअर, चांगला मुलगा आहे, त्याच्यावर जाऊ नका, त्यानं बरोबर मोजलं, उडी नव्हतीच तर मोजणार कुठली. एकादशी? असणार की, मेमधे काय एकादश्या सुट्टीवर जातात? होती. दोन्ही होत्या. गॅस बंद होता, बाबा निर्जला, मांजर शेजारी, सगळं रीतसर. खाद्य? घातलं होतं. पोटभर. मुद्दाम जास्तच घातलं. अहो, ती नव्हतीच ना इथं, महिनाभर जर्मनीला होती, कोर्सला, मग बिचाऱ्यांना उगीच कशाला उपाशी—

ते आतल्या एसीचं आहे. असाच आवाज करतो.

काय लिहायचं ते लिहा. माझं नाव लिहा, पूर्ण लिहा, वडिलांचं नाव घालून लिहा. बाबांना ह्यात ओढू नका, त्यांनी मला असलं कधी काही सांगितलं नाही, त्यांना तर वाटतं मी गाईगुरांच्या दवाखान्यात आहे. आणि वर जाणार असाल तर जा, तिला विचारा, काही मिळायचं नाही. तिला ह्यातलं काही माहीत नाही. दोन्हीतलं काहीच नाही.

चला सर. गाऊन इथं, टोपी त्या डब्यात. ते दार आधी लागू द्या, मग बाहेरचं उघडेल.